'गेले असते'चं इंग्रजी

आमच्या उत्रोलीत चार माणसं पारावर बसली, की थोड्याच वेळात 'असतं तर' सुरू होतं. पाऊस येळंवर आला आसता तर लावणी उरकली आसती. त्या वर्षी जमीन विकली नसती तर आज रस्त्याकडेला आपलं दुकान असतं. भोर शहराला लागून असलेलं हे गाव. इथल्या एमआयडीसीची चर्चा वर्षानुवर्षं ऐकत माणसं म्हातारी झाली, त्यामुळं 'कारखाने आले असते तर' हे वाक्य दोन्ही बाजूंनी पुरं केलं जातं. एक जण म्हणतो, आले असते तर पोरं गावात राहिली असती. दुसरा म्हणतो, आले असते तर भाताची खाचरं गेली असती. जवळच भाटघर आहे. येळवंडी नदीवरचं हे धरण ब्रिटिशांच्या काळात झालं आणि तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून लॉईड धरण म्हणून ओळखलं गेलं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती-फलटणकडं जातं. त्या पाण्यावरही आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या 'असतं तर' चालू आहे.

शाळेच्या व्याकरणात याला संकेतार्थ म्हणतात. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ मुलं परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. पण व्याकरणातलं नाव विसरलं तरी ती गोष्ट कुणी विसरत नाही. जे घडलं नाही, पण घडू शकलं असतं, त्याबद्दल बोलायची सोय प्रत्येक भाषेला करावीच लागते. मराठीनं ती इतकी चोख केलीय, की चार वर्षांचं पोरही 'तू आली असतीस तर मी रडलो नसतो' असं आईला सुनावतं आणि त्यात एक प्रत्यय चुकत नाही.

मी गावात संध्याकाळी आठ-दहा जणांना इंग्रजी शिकवते. बहुतेक जण पंचविशीच्या आतले, बारावी किंवा पदवी झालेले, मराठी माध्यमातून आलेले. कुणाला शिरवळकडच्या कंपनीत कामाला लागायचंय, कुणाला पुण्याला जायचंय, एक-दोघांना स्पर्धा परीक्षा द्यायच्यात. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवायला लागले, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे माझ्याकडं येणाऱ्या मुलांनी दहा-बारा वर्षं तरी इंग्रजीचा तास काढलेला आहे. त्यांना शब्द येतात, धडे वाचून समजतात. पण 'असतं तर' इंग्रजीत म्हणायची वेळ आली की जवळपास सगळे एकाच ठिकाणी अडखळतात. 'मी आले असते' याचं ते 'आय वुड हॅव केम' करतात, 'मी गेले असते'चं 'आय वुड हॅव वेंट'. आणि 'मला माहीत असतं तर' याचं 'इफ आय वुड हॅव न्यू'.

या चुकीची किंमत किती असते, ते एका मुलीमुळं मी जवळून पाहिलं. बी. कॉम. झालेली, हिशोबाला पक्की, दोन वर्षं घरच्या दुधाच्या धंद्याच्या वह्या तीच सांभाळायची. एका कंपनीच्या ऑफिसात मुलाखत होती. सुरुवात बरी झाली. मग विचारलं, पुढं का नाही शिकलात? तिचं उत्तर खरं होतं आणि चांगलंही होतं: वडील आजारी पडले नसते तर मी एम. कॉम.ला पुण्याला गेले असते. पण घरी राहिले, धंदा सांभाळला, त्यातून बरंच शिकले. इंग्रजीत ती म्हणाली, 'इफ माय फादर वुड हॅव नॉट फेल सिक, आय वुड हॅव वेंट टू पुणे.' समोरच्या एकानं तिचेच शब्द हसून परत उच्चारले, 'वुड हॅव वेंट?' बस्स. दुसरं काही नाही. पण ती तिथंच थांबली. धंदा, हिशोब, दोन वर्षांत शिकलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं. परत आल्यावर मला म्हणाली, "ताई, मला इंग्रजी येतच नाही. उगं कशाला यायचं क्लासला?"

मला त्या माणसाच्या हसण्यापेक्षा तिच्या या वाक्याचं जास्त वाईट वाटलं. कारण ते खरं नव्हतं. तिच्या वाक्यात दोन वेगवेगळ्या चुका होत्या आणि दोन्हींची कारणं तिच्या बुद्धीत नव्हती. एक मराठीतून आली होती, दुसरी इंग्रजीच्या घरातली होती. त्या दोन वेगळ्या करून पाहिल्या, तर चूक सुधारणं सोपं होतं, आणि आपल्याला काहीच येत नाही ही भावनाही जाते.

पहिली चूक 'इफ'नंतरच्या 'वुड'ची. 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.' या वाक्यात अट आणि परिणाम दोन्हीकडं एकच रचना आहे: पडला असता, आलं असतं. मराठीचा विचार सरळ आहे. पाऊसही पडला नाही, पीकही आलं नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच न घडलेल्या, मग दोघींना एकच वेश. इंग्रजी तसं करत नाही. तिथं अटीला 'हॅड' आणि परिणामाला 'वुड हॅव': 'इफ इट हॅड रेन्ड, द क्रॉप वुड हॅव कम अप.' मराठी माणूस दोन्ही 'असतं'ना एकच इंग्रजी शब्द देतो आणि 'इफ इट वुड हॅव रेन्ड' म्हणतो. यात अज्ञान नाही, मातृभाषेशी इमान आहे.

आणि मराठी यात एकटी नाही. लॅटिनमध्ये अशा वाक्याच्या दोन्ही भागांत क्रियापदाचं एकच रूप येतं. जर्मनमध्येही दोन्हीकडं एकाच प्रकारची रचना असते. खुद्द जुन्या इंग्रजी गद्यात अटीतही 'हॅड' आणि परिणामातही 'हॅड' अशी जोडी सर्रास सापडते. शिवाय आजच्या अमेरिकेत बोलताना 'इफ आय वुड हॅव नोन' म्हणणारी, इंग्रजी हीच मातृभाषा असलेली माणसं पुष्कळ आहेत. तिथले शिक्षक त्यांनाही लाल शाईनं सुधारतात. म्हणजे उत्रोलीची मुलगी जिथं घसरते, तिथं ओहायोतला मुलगाही घसरतो. फरक इतकाच, की त्याच्या घसरण्यावरून त्याला इंग्रजी येत नाही असा निष्कर्ष कुणी काढत नाही.

दुसरी चूक 'गॉन'ऐवजी 'वेंट' ही. तिच्यासाठी शाळेतल्या एका सवयीकडं जावं लागेल. आपल्याकडं इंग्रजी क्रियापदं पाढ्यांसारखी पाठ करून घेतात. गो, वेंट, गॉन. कम, केम, कम. सी, सॉ, सीन. डू, डिड, डन. व्ही वन, व्ही टू, व्ही थ्री, असे तीन रकाने. अशी अनियमित क्रियापदं इंग्रजीत दीड-दोनशे भरतील. मुलं ती सुरात म्हणतात, परीक्षेत रिकाम्या जागा भरतात. पण मी माझ्या वर्गात विचारलं, की हा तिसरा रकाना कशासाठी असतो, तर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "ताई, पाठ करायला."

उत्तर विनोदी वाटेल, पण ते बरोबरच होतं. त्या रकान्याचा दुसरा उपयोग त्याला कुणी दाखवलाच नव्हता. नियमित क्रियापदांत दुसरा आणि तिसरा रकाना सारखाच असतो: वॉक, वॉक्ड, वॉक्ड. त्यामुळं 'वुड हॅव वॉक्ड' म्हणताना आपण दुसऱ्यातून शब्द उचलला की तिसऱ्यातून, हे कळायचं कारणच नाही. मूल समजतं, की 'हॅव'पुढं भूतकाळ लावायचा. मग 'गो'चा भूतकाळ 'वेंट', म्हणून 'वुड हॅव वेंट'. तर्क पक्का आहे. फक्त इंग्रजीनं तिथं भूतकाळ ठेवलेला नाही, भूतकालवाचक धातुसाधित ठेवलंय. 'गॉन' म्हणजे 'गेलेला'. 'डन' म्हणजे 'केलेलं'. 'ब्रोकन' म्हणजे 'मोडलेलं'. 'हॅव' किंवा 'हॅड' आलं, की पुढं हे 'लेलं'वालं रूप यायचं. मग मागं 'वुड' असो, 'कुड' असो, 'शुड' असो, नाहीतर काहीही नसो.

इथपर्यंत कुठलंही चांगलं व्याकरणाचं पुस्तक सांगेल. मला पुढचं जास्त मोलाचं वाटतं, कारण ते मराठी माणसाच्या हातात आधीपासून आहे.

आपलं 'गेला' हे रूप पाहा. धातू 'जा', आणि भूतकाळात एकदम 'गेला'. 'जा' आणि 'गे' यांचा आवाजाला काही संबंध नाही, कारण ती मुळात दोन वेगळी घराणी आहेत. 'जा' संस्कृतातल्या 'या' धातूकडून आला आणि 'गेला' हा 'गत'कडून, म्हणजे 'गम्'कडून. आता इंग्रजीचं 'वेंट' पाहा. तेही 'गो'चं मूळचं नाही. 'वेंड' नावाचं एक वेगळं क्रियापद होतं, त्याचा भूतकाळ 'वेंट'. तो 'गो'नं स्वतःकडं ओढून घेतला आणि 'वेंड'ला नवा भूतकाळ शोधावा लागला. दोन्ही भाषांना जाण्याची क्रिया सांगताना उसनवारी करावी लागली, हे माझ्या वर्गाला फार आवडलं. इंग्रजी म्हणजे विचित्र आणि आपली भाषा म्हणजे सरळ, असं वाटत असतं. मग मी म्हटलं, आपले तीन नाही, पण दोन रकाने तरी मांडून बघू. करणे, केलं. मरणे, मेला. देणे, दिलं. घेणे, घेतलं. खाणे, खाल्लं. धुणे, धुतलं. येणे, आला. फळा भरला. यातलं एकही रूप कुणी कधी पाठ केलं नव्हतं.

आता खरी गंमत. 'गत' हे संस्कृतात धातुसाधित विशेषण आहे. 'गत' म्हणजे 'गेलेला', 'कृत' म्हणजे 'केलेलं', 'मृत' म्हणजे 'मेलेला'. संस्कृतात भूतकाळाची वेगळी रूपं होती: अगच्छत्, अकरोत्. ती पुढं प्राकृतांतून झिजत गेली आणि भूतकाळ सांगायचं सगळं काम या धातुसाधितांवर आलं. मराठीचे गेला, केलं, मेला हे त्यांचेच वंशज. मराठीचा भूतकाळ हा मुळात धातुसाधितांचाच भूतकाळ आहे. म्हणून तर तो विशेषणासारखा लिंग-वचनाप्रमाणं बदलतो. मी निबंध लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं, धडे लिहिले. लिहिणारी मी एकच, तरी क्रियापद निबंधाकडं, चिठ्ठीकडं, पत्राकडं, धड्यांकडं बघून बदलतं. कारण त्याचा जुना अर्थ 'माझ्याकडून निबंध लिहिलेला', 'चिठ्ठी लिहिलेली' असा होता.

इंग्रजीच्या भाषेत सांगायचं, तर मराठीकडं 'वेंट' उरलंच नाही. आपल्याकडं सगळं 'गॉन'च आहे. जी मुलगी 'मी गेले असते' म्हणते, ती अक्षरशः 'गॉन' आणि त्यापुढं 'असते' असंच म्हणत असते. इंग्रजीला जे रूप हवंय, तेच ती जन्मापासून वापरते आहे. इंग्रजीत शिरताना मात्र ते दारात ठेवून ती 'वेंट' उचलते, कारण 'गेले'समोर तिला कुणीतरी 'वेंट' लिहून दिलंय आणि 'गॉन' हा शब्द पाढ्याच्या टोकाला एकटाच पडून आहे.

हे वर्गात सांगितलं, तेव्हा एका मुलानं लगेच पुढची शंका काढली. "ताई, मग 'पाऊस पडला तर आम्ही येणार नाही' यात 'पडला' का म्हणतो आपण? पाऊस तर अजून पडायचाय." शंका मोलाची होती. उद्याच्या पावसाबद्दल बोलताना मराठी 'पडला' म्हणते, कारण 'पडला' हे काळापेक्षा क्रिया पुरी होणं दाखवतं. पडलेला झाला, तर. इंग्रजी मात्र उद्याच्या खऱ्या शक्यतेला साधा वर्तमान देते: 'इफ इट रेन्स, वी विल नॉट कम.' आपली मुलं इथं 'इफ इट रेन्ड' लिहितात आणि मार्क घालवतात. ही तिसरी चूक, आणि तीही मराठीच्या शिस्तीतून आलेली.

मग आम्ही फळ्याचे तीन भाग केले. पहिल्यात: पाऊस पडला तर लावणी होईल. ही खरी शक्यता आहे, ढग दिसताहेत. 'इफ इट रेन्स, वी विल ट्रान्सप्लांट.' दुसऱ्यात: पाऊस पडला असता तर लावणी झाली असती. ही संधी गेली, आता आषाढही संपला. 'इफ इट हॅड रेन्ड, वी वुड हॅव ट्रान्सप्लांटेड.' तिसऱ्यात नुसती कल्पना: समजा, आत्ता पाऊस पडायला लागला तर काय कराल? 'इफ इट रेन्ड नाउ, वी वुड रन टू द फील्ड.' या तिसऱ्यात मराठीला वेगळं रूप सापडत नाही, 'समजा' म्हणून काम भागवावं लागतं. आणि नेमकं इथंच इंग्रजीत 'इफ'नंतर दुसरा रकाना चालतो: 'इफ आय वेंट टू पुणे.' म्हणजे 'वेंट'ही कुठंतरी बरोबर असतं. मुलांचा घोळ होतो तो यामुळंही. त्यांनी 'इफ'जवळ 'वेंट' ऐकलेलं असतं, फक्त ते शेजारच्या खोलीतलं असतं.

मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी शिकवायची रीत आता जुनी मानतात. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कैक पिढ्या इंग्रजी शिकल्या. डावीकडं मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी करा. पुढं ही पद्धत मागं पडली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, मुलांना इंग्रजीत विचार करू द्या, हे सूत्र आलं. त्यामागं कारणं होती. शब्दाला शब्द लावून भाषांतर करत बसलं तर बोलणं कधी येत नाही, हे खरंच आहे. पण ते सूत्र ज्या घरात दिवसभर इंग्रजी कानावर पडतं, तिथं नीट चालतं. उत्रोलीत ते दिवसातून एका तासापुरतं पडतं. त्या तासात मुलाला मातृभाषा बाहेर ठेवायला सांगितलं, तर त्याच्याकडं असलेलं सगळ्यात मोठं भांडवलच बाहेर राहतं. आणि गंमत म्हणजे ते राहतही नाही. मराठी न विचारता आत येते आणि 'इफ आय वुड हॅव' होऊन बसते. आत येणारच आहे, तर तिला दारातून, नाव घेऊन बोलावलेलं बरं.

मराठी व्याकरणाबद्दलही इथं बोलायला हवं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापून आलं. मोरो केशव दामल्यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ १९११चा. आपल्या भाषेची यंत्रणा उघडून दाखवायचं काम इतक्या आधीपासून झालंय. तरी शाळेत संकेतार्थ आणि इंग्रजीचं 'कंडिशनल' यांची कधी गाठ घालून दिली जात नाही. मराठीचे शिक्षक एका तासाला 'असता-असती-असतं' शिकवतात, इंग्रजीचे शिक्षक दुसऱ्या तासाला 'इफ' आणि 'अनलेस'ची वाक्यं बदलून घेतात, आणि मधल्या पाच मिनिटांत मूल एक वही दप्तरात टाकतं, दुसरी काढतं. दोन्ही वह्या एकाच गोष्टीबद्दल होत्या, हे त्याला कुणी सांगत नाही.

प्रमाण इंग्रजी हवंच कशाला, असंही मला विचारतात. सगळी दुनिया चुकीचं बोलते, अमेरिकन माणूसही 'वुड हॅव वेंट' म्हणतो, मग आमच्या पोरांच्या मागं का लागायचं? मला हा युक्तिवाद पटत नाही. अमेरिकन माणसाला ती चूक परवडते, आमच्या मुलांना परवडत नाही. त्याच्या बोलण्यात तो एक डाग असतो. आमच्या मुलीच्या बोलण्यात तोच डाग साऱ्या कापडाची किंमत ठरवतो. हे अन्यायाचं आहे, पण टेबलापलीकडच्या माणसाला बदलणं माझ्या हातात नाही. अलीकडच्या मुलीला तिसरा रकाना देणं हातात आहे. 'वुड हॅव गॉन' म्हणता आलं, तर समोरच्याला हसायला जागा राहत नाही आणि तिचं पुढचं वाक्य ऐकून घेण्याशिवाय त्याला इलाज राहत नाही. मला त्या पुढच्या वाक्याची काळजी आहे.

म्हणून हल्ली मी या धड्याला पुस्तकातली वाक्यं वापरत नाही. 'राम अभ्यास करता तर पास झाला असता' या छापाच्या वाक्यांतल्या रामाशी मुलांचं काही देणंघेणं नसतं. मी सांगते, आधी मराठीत स्वतःचं खरं वाक्य लिहा. खरोखर जे घडलं नाही, ते. घाई करू नका. मग प्रत्येक 'असतं'खाली रेघ मारा. 'तर'च्या अलीकडचं 'असतं' असेल तिथं 'हॅड' लिहा, पलीकडचं असेल तिथं 'वुड हॅव'. उरलेल्या 'गेले, आलं, केलं, दिलं'ला 'लेलं' जोडून बघा: गेलेली, आलेलं, केलेलं, दिलेलं. जमतंय ना? मग त्याच्यासाठी तिसऱ्या रकान्यातला शब्द घ्या. तीन पायऱ्या. पहिल्या दिवशी वेळ लागतो, आठवड्याभरात जीभ आपोआप वळते. मग रेघा मारायची गरज राहत नाही.

ही पद्धत घेतल्यापासून वह्यांत काय काय येतं, ते बघण्यासारखं असतं. एकानं लिहिलं, त्याला भाऊ असता तर तो सैन्यात गेला असता. एकुलता एक असल्यामुळं आईनं सोडलं नाही. 'इफ आय हॅड हॅड अ ब्रदर', दोन 'हॅड' शेजारी शेजारी बघून त्याला चूक झाल्यासारखं वाटत होतं. ती चूक नव्हती. पहिला अटीचा, दुसरा तिसऱ्या रकान्यातला, भाऊ असण्याचा. मुलाखतीहून परतून क्लास सोडते म्हणणारी मुलगी दोन आठवड्यांनी आली होती. तिनं वडिलांचं वाक्य लिहिलं नाही, दुसरंच लिहिलं: दुधाचा दर दोन रुपयांनी वाढला असता तर आम्ही तिसरी म्हैस घेतली असती. 'वी वुड हॅव बॉट.' घेणे, घेतलं. बाय, बॉट, बॉट. हिशोबही बरोबर होता, व्याकरणही.

सगळ्यात लांब वाक्य एका अबोल मुलाचं निघालं. त्याच्या आजीचं गाव नीरा देवघर धरणात गेलं. त्यानं लिहिलं होतं, 'धरण झालं नसतं तर माझी आजी तिच्या घरातच म्हातारी झाली असती.' इंग्रजी करताना तो 'म्हातारी झाली असती'पाशी थांबला. ग्रो, ग्रू, ग्रोन. त्यानं बोटांवर तीन रकाने मोजले आणि तिसरा घेतला: 'इफ द डॅम हॅड नॉट बीन बिल्ट, माय ग्रँडमदर वुड हॅव ग्रोन ओल्ड इन हर ओन हाउस.' त्यानं ते फळ्यावर लिहिलं, बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. एकीनं विचारलं, 'ओन' कशाला, 'हर हाउस' पुरे की. तो म्हणाला, नाही, ठेव. आत्ता राहते ते सरकारनं दिलेलं आहे.